ताईच्या गाडीचे शेवटचे टायर

ताई,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी टायरवर बोलायला लागलो. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या आत्या-मावश्या, तुझ्या कॉलेजचे सर-मॅडम, मागच्या रांगेत तुझे बारावीचे विद्यार्थी. त्रिशरण-पंचशील झालं होतं. तुझे प्राचार्य तुझ्या शिस्तीवर बोलून बसले होते. मी माइक धरला आणि म्हणालो, "ताईच्या गाडीला टायर मी बसवत होतो." मग म्हणालो, "शेवटचे टायर मी चुकीचे बसवले." तिसरं वाक्य आलंच नाही. भाऊजींनी येऊन माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि मला खाली बसवलं. लोकांना वाटलं, टायर फुटून तुझं काही झालं की काय. दोघांनी जेवताना तसं विचारलंसुद्धा. त्यांना सांगावं लागलं की बाबांनो, ताई कर्करोगानं गेली, टायरचा त्यात काही हात नव्हता.

हात होता माझा, आणि तो कशात होता हेच मला त्या दिवशी सांगता आलं नाही. तुला माहीत आहे, मी बोलणाऱ्यातला नाही. बोलणं तुझं आणि पाना माझा, अशी आपली वाटणी लहानपणीच झालेली. बारावीला तू मला सलग दोन महिने फिजिक्स शिकवलंस आणि मी शिस्तीत नापास झालो. बाबा बस डेपोच्या टायर विभागात. त्यांना वाटलं पोरगा वाया गेला. तू त्यांना म्हणालीस, "त्याच्या हाताले कळते बाबा. डोक्याले समजलंच पाह्यजे असं काही नाई." त्या वाक्यात माझं कौतुक किती आणि इज्जतीचा फालुदा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आर्णी रोडवरचं माझं टायरचं दुकान त्या वाक्यावर उभं राहिलं, हे खरं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तू गाडी घेतलीस, तीही अशी की बघणाऱ्याला वाटावं, मॅडम भाजी आणायला निघाल्या. पाच दरवाजे, इवलीशी डिकी, पांढरा रंग. आत मात्र टर्बो इंजिन. शौकीन लोक अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात. मूर्ती लहान पण कीर्ती महान. उमरखेडहून यवतमाळला पहिल्यांदा ती घेऊन आलीस तेव्हा महागावच्या पुढे कापसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास गुमान चालवत आलीस. मी म्हणालो, असंच चालवायचं होतं तर एवढं इंजिन कायले घेतलं? तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "रस्त्यावर पयवाले नाई घेतली. पयवाची जागा वेगळी हाय."

ती जागा म्हणजे कोइम्बतूरकडचा रेस ट्रॅक. वर्षातून काही दिवस तो भाड्यानं घेऊन तुमच्या-आमच्यासारख्यांना आपापल्या गाड्या तिथे चालवू देतात. त्याला ट्रॅक डे म्हणतात. शर्यत नाही, बक्षीस नाही. हेल्मेट घालायचं, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावायच्या आणि स्वतःच्याच मागच्या वेळेशी भांडायचं. हे तू कुठल्याशा व्हिडिओत पाहिलंस आणि तुला वाटलं, वळणावरच्या गाडीचं गणित आपण वीस वर्षं फळ्यावर सोडवतो, एकदा अंगावर घेऊन पाहू. भाऊजींनी मला फोन केला, "मिलिंद, तुझी बहीण बिघडली बापा." मी म्हणालो, ती आधीपासूनच बिघडलेली आहे, तुम्हाला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी मी तुझ्यासोबत आलो तो मोठ्या तोऱ्यात. टायरमधलं मला कळतं, बाकीचं तुम्ही बघा. आपल्याकडे ऊन तापलं की गिऱ्हाईक म्हणतं, "दोन पॉइंट कमीच ठेव भाऊ, टायर फुटन." मी कित्येक वर्षं त्यांच्याशी घसा कोरडा करतोय की कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि फुटतो तो तोच. कळंबचे एक मास्तर तर माझ्याकडून बरोबर हवा भरून घेतात आणि पुढच्या चौकात थांबून थोडी सोडून देतात. मला वाटतं ते सोडताना माझ्या नावानं दोन शब्दही सोडत असतील. तर ट्रॅकवर वेग जास्त, म्हणून मी हवाही जास्त भरली. छत्तीस पॉइंट. तिसऱ्या फेरीला तुझी गाडी वळणावर साबणाच्या वडीसारखी निसटायला लागली.

तू आत आलीस, हेल्मेट काढलं, माझ्या हातातला गेज घेऊन स्वतः लावला. त्रेचाळीस. "काय रे मिल्या? एवढे वर्ष हवा भरून राह्यला, अन् गरम झाली की फुगते हे मालूम नाई तुले? म्हणूनच नापास झालता." बंगळूर, हैदराबाद, चेन्नईची सगळी मंडळी उभी होती. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण मोठी बहीण धाकट्या भावाला झापते आहे हे कळायला भाषा लागत नाही. मला मिरच्या झोंबल्या. पण मी वाकलो आणि चारही टायरमधली हवा थोडी थोडी सोडली, थेट कळंबच्या मास्तरांसारखी. पुढच्या पाळीला गाडी अशी वळली की तू आत येऊन नुसती हसलीस.

मग तू पर्समधून खडू काढलास. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग जिथे संपतो आणि बाजू सुरू होते तिथे, तीन आडव्या रेघा ओढल्यास. फेऱ्या मारून आल्यावर पाहायचं, खडू कुठवर पुसला गेलाय. बाजूवरचाही पुसला असेल तर टायर जास्तच कलंडतोय, थोडी हवा वाढव. काठावरचासुद्धा पुसला नसेल तर थोडी कमी कर. इतकं सोपं. टायरच्या धंद्यात असून मला हे माहीत नव्हतं, आणि फिजिक्सच्या बाईला माहीत होतं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात खडूचा डबा आहे. गिऱ्हाईक विचारतं, शाळा काढली का भाऊ? मी म्हणतो, हो, मीच एकटा विद्यार्थी आहे.

तुझं सगळंच बरोबर होतं असं मात्र मी मानत नाही, गेलीस म्हणून मानणारही नाही. दोनच नवे टायर असले तर ते पुढे बसवायचे की मागे, हा आपला वाद सहा वर्षांचा. बाबांचा डेपोतला नियम होता, नवा टायर पुढे, रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, मागे. ड्रायव्हरचा जीव पुढे असतो. तू म्हणायचीस, "अरे, पुढचं सुटलं तर गाडी सरळ जाते, ब्रेक मारून सांभाळता येते. मागचं सुटलं की भोवऱ्यावाणी फिरते. नवा मागंच पाह्यजे." बाबा होते तोवर ते मध्ये पडून मिटवायचे, म्हणजे आपल्या दोघांनाही गप्प बसवायचे. ते गेल्यावर आपण मोकळेच सुटलो. नुसतं रक्षाबंधनालाच नाही, बाबांच्या स्मृतिदिनालासुद्धा आपण ताटावर बसून यावर भांडलो आहोत. मी अजून पुढेच बसवतो, सांगून ठेवतो.

पण मी लिहायला बसलो ते या वादासाठी नाही. ज्या वादात तू भांडलीच नाहीस त्यासाठी बसलोय.

माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो: "किती चालन?" कोणी सोयाबीन विकून आलेला असो की कोणी बँकेतला साहेब असो, टायरला हात लावायच्या आधी हेच. माझ्या जिभेला त्याची उत्तरं पाठ झालीत. टायरच्या बाजूवर झिजेचा एक आकडा कोरलेला असतो. पाचशेच्या आसपासचा टायर कडक, वर्षानुवर्षं चालतो. दोनशेचा मऊ, रस्त्याला घट्ट धरतो, पण बघता बघता संपतो. दोन्ही गुण एका टायरात नसतात. आपल्याकडे दोनशेचा कोणी मागत नाही, मी ठेवतही नाही. तू तेवढी एक होतीस, जी दुकानात येऊन म्हणायचीस, "चालते किती ते नको सांगू. धरते किती ते सांग."

पहिल्या वर्षी तू कंपनीतून आलेल्या टायरवरच भागवलंस. दुसऱ्या वर्षी जरा बऱ्यापैकी धरणारे घेतले. तिसऱ्या वर्षी मऊ घ्यायचे असं आपलं ठरलं होतं, आणि त्याच वर्षी तुझी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. तू कॉलेजला जायला लागलीस. आम्हाला वाटलं सुटलो. मग गेल्या सप्टेंबरात ते दुखणं दुसरीकडेच निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी तुझी फाइल मिटली आणि म्हणाले, "मॅडम, सध्या ज्यात आनंद वाटेल ते करा." गाडीत परत येताना हे वाक्य तू मला दोनदा म्हणून दाखवलंस. दोन्ही वेळा मी म्हणालो, "चांगलंच आहे ना मग." तू खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे बघत राहिलीस.

आठवड्यानं तू दुकानात आलीस. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "नोव्हेंबरात एक दिवस हाय. नाव देल्लं मी. मले थे दोनशेवाले मऊ टायर मागवून दे."

"थे दोन-तीन खेपांत संपते ताई."

"संपू दे."

"अन् मग?"

ते तोंडातून निघालं आणि मलाच चटका बसला. तू माझ्याकडे बघत होतीस. उत्तर तुझ्याकडे होतं, आणि ते तू दिलं असतंस तर मला ऐकावं लागलं असतं. मी तुला तोंड उघडू दिलं नाही. बोलतच सुटलो. नोव्हेंबरात तिकडे पाऊस असतो, मऊ टायर ओल्या ट्रॅकवर धोका देतो. जाण्या-येण्याचाच रस्ता अडीच-तीन हजार किलोमीटरचा, पोचेपर्यंत निम्मे घासतील. तू म्हणालीस, मागची सीट पाडून चारही टायर रिमसकट गाडीत टाकू, तिथे गेल्यावर बदलू, लोक असंच करतात. हे खरं होतं. यावर माझ्याकडे एकच उत्तर शिल्लक होतं: मागची सीट पाडली तर वाटेत तू आडवी कुठे होशील? ते मी दिलं नाही. ते दिलं असतं तर तू आजारी आहेस हे मला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं असतं.

मी आत गेलो आणि कडक टायर घेऊन आलो. "हे पाह्य, पाचशेवाले. पाच वर्षं इकडं पाहाचं काम नाई." मग मी त्याचे बाकीचे गुण सांगितले आणि पुन्हा म्हणालो, पाच वर्षं. मग तिसऱ्यांदा म्हणालो. गिऱ्हाइकाला विकायला मी कधी तीनदा सांगत नाही. तू टायरवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलंस. नख रुतलं नाही. तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "लाव बापा. पाच वर्षंवालेच लाव."

ताई, तू एवढ्या लवकर कधी हरत नव्हतीस. एका टायरच्या जागेवरून सहा वर्षं भांडणारी बाई तू. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी घाईघाईनं गाडी जॅकवर घेतली, तू मन बदलायच्या आत. मला वाटलं मी जिंकलो.

काय जिंकलो होतो ते आता सांगतो. मी मऊ टायर मागवले असते तर त्याचा अर्थ, माझ्या बहिणीला दोन-तीन खेपा पुरेत, असा झाला असता. तो अर्थ मला माझ्या हातानं, माझ्या पान्यानं बसवायचा नव्हता. पाच वर्षांचा टायर बसवला म्हणजे पाच वर्षं येतील, असं शेंबडं पोरही मानणार नाही. मी मानलं. तू एक साधी गोष्ट मागितली होतीस आणि ती मी तुला दिली नाही, माझ्या स्वतःच्या भीतीपायी.

नोव्हेंबरात आपण तिघं निघालो, उमरखेडहून नांदेड, हैदराबाद आणि खाली. भाऊजी आणि मी आलटून पालटून चालवत होतो. तू मागे आडवी होऊन सहामाहीचे पेपर तपासत होतीस. मी म्हटलं, आता तरी सोड. तू म्हणालीस, "पोरायचे मार्क थांबते का माह्यासाठी?" एका पोरीनं लिहिलं होतं, "घर्षण ही त्रासदायक पण आवश्यक गोष्ट आहे. उदा. घरचे लोक." ते तू मोठ्यानं वाचलंस आणि इतकी हसलीस की खोकला लागला, भाऊजींना गाडी बाजूला घ्यावी लागली. पाणी पिऊन झाल्यावर तू तिला पूर्ण मार्क दिलेस. उत्तर अर्धंच होतं, असं मी म्हणालो तर म्हणालीस, नापास झालेल्यांनी बोलू नये.

ट्रॅकवर पाऊस नव्हता. ढगसुद्धा नव्हता. इतकं लख्ख ऊन की माझा युक्तिवाद सकाळीच वाळून गेला. तुला खाली वाकवत नव्हतं म्हणून खडूच्या रेघा मी ओढल्या. सकाळच्या पाळीत तू पाच फेऱ्या मारल्यास. मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी उभा होतो. त्या उजव्या लांब वळणावर तुझी गाडी दर वेळी बाहेर बाहेर जात होती, टायर किंचाळत होते. तू आत वळवत होतीस आणि गाडी ऐकत नव्हती. हे माझं काम होतं. तुझ्या हाताची चूक असती तर मला इतकं लागलं नसतं.

आत आलीस. घामानं थबथबलेली. मी विचारलं, "घसरून राह्यले का?"

"थोडेसे. पण चांगले हायेत टायर."

उत्तराखाली एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणारी बाई, आणि "थोडेसे" म्हणते. तुला खोटं बोलता येत नव्हतं, कधीच. मी म्हणणार होतो, चुकलं माझं. त्याऐवजी मी हवा मोजली. मग तुझ्यासाठी कँटीनमध्ये दहीभात मिळतो का पाहायला गेलो, कारण त्या दिवसांत तुझ्या पोटात दुसरं काही राहत नव्हतं. जेवण झाल्यावर तू दुपारच्या सहा फेऱ्या मारल्यास, सकाळपेक्षा हळू. मग म्हणालीस, बस. भाऊजींनी तुला दोन्ही हातांनी धरून गाडीतून उतरवलं.

डिसेंबरात तू कॉलेजात गेलीस, जानेवारीत नाही. तुझ्या शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ एक पूर्ण दुपार बसलो होतो. भाऊजी औषधं आणायला गेले होते. तुझा आवाज बारीक झाला होता. तू विचारलंस, "धंदा कसा हाय?" मी म्हणालो, बरा आहे. तू विचारलंस, "कळंबचे मास्तर येते का?" मी म्हणालो, येतात, अजून हवा सोडतात. तू डोळे मिटून हसलीस. मला माहीत होतं की हीच वेळ आहे. 'चुकलं माझं' तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली, आणि खरं सांगतो ताई, मला सुटल्यासारखं वाटलं. तुला झोप लागली. मी निघून आलो.

पुण्यानुमोदनानंतर चार दिवसांनी भाऊजी तुझी गाडी घेऊन दुकानात आले. म्हणाले, माझ्यानं पाहवत नाही, तुझ्याकडे ठेव. भाऊजी कमी बोलणारे; कृषी खात्यात राहून ते बियाण्याइतकंच मोजून बोलायला शिकले, असं तू म्हणायचीस. मी सवयीनं खाली वाकून टायरची खोली मोजली. नवा असताना आठ मिलिमीटर, आता सातच्या वर. तीन हजार किलोमीटर रस्ता आणि अकरा फेऱ्या होऊनही जवळजवळ नवे. बघवेना. मी भाऊजींना सगळं सांगितलं, जे माइकवर आलं नव्हतं ते. तिनं मऊ मागितले होते, मी भीतीनं दिले नाहीत, तिची शेवटची इच्छा मी मोडली.

भाऊजी स्टुलावर बसले. मग म्हणाले, "तू दहीभात आणाले गेलता ना, तवा एक जण आलता आमच्यापाशी."

बंगळूरचे कोणी गृहस्थ. त्यांची गाडी तुझ्याच मॉडेलची. त्यांच्या पाळ्या सकाळीच आटोपल्या होत्या. सकाळी तू त्या वळणावर घसरताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी भाऊजींना हिंदीत सांगितलं, माझ्या चाकांना मऊ टायर आहेत, माप तेच आहे, मॅडमना दुपारच्या पाळीला लावू, दहा मिनिटांचं काम आहे. नुसतं बोलले नाहीत, एक चाक काढून ढकलत आणलंसुद्धा होतं, सोबत जॅक.

"मी तिले म्हटलं, घे ना, काय हरकत हाय," भाऊजी सांगत होते. "तिनं त्या टायरले नख दाबून पाह्यलं. रुतलं नख. लय वेळ हात ठेवून होती त्याच्यावर. मंग त्यायले म्हणे, थँक्यू भैया, रहने दो." त्यांना पुढचं जड जात होतं. "ते गेल्यावर मी रागावलो तिच्यावर. काहून नाई म्हटलं म्हणून. तं मले म्हणे, 'मिल्यानं मले पाच वर्षं बसवून देल्ली. थे मी त्याच्या माघारी काढून ठेवू?'"

मी जॅकपाशी खालीच बसलो, ताई. गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि मी ढसाढसा रडत होतो. भाऊजींनी त्यांना नंतर या म्हणून सांगितलं.

म्हणजे तुला कळलं होतं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, माझ्या तोंडाकडे बघून तुला सगळं कळलं होतं, म्हणून तू भांडली नाहीस. मऊ टायर तुझ्या हाताखाली आले होते. शेवटच्या सहा फेऱ्या तुला हव्या तशा मारता आल्या असत्या. तू त्या घसरत मारल्यास, कारण दहीभात घेऊन परत येणाऱ्या भावानं गाडीकडे पाहिलं तर त्याला त्याची पाच वर्षं जागच्या जागी दिसायला हवी होती. आजारी तू होतीस आणि सांभाळत मला होतीस. लहानपणापासून तू हेच केलंस आणि मी दरवेळी ते उशिरा ओळखलं. मी चुकलो, ताई. हे दुकानात म्हणायचं होतं, ट्रॅकवर म्हणायचं होतं, त्या दुपारी तुझ्या पलंगापाशी म्हणायचं होतं. आणि तुझे माझ्यावर इतके उपकार आहेत की नुसतं चुकलो म्हणून भागतही नाही.

भाऊजी गेल्यावर मी एकटाच त्या सहा फेऱ्या डोळ्यांपुढे आणत बसलो. भिंतीजवळून जाताना दर फेरीला तू स्टिअरिंगवरून एक हात उचलत होतीस. सहाही वेळा. मला वाटलं, किती वेळ लागला ते विचारतेयस. म्हणून मी दर फेरीला स्टॉपवॉच उंच धरून तुला दाखवत राहिलो. तू वेळ विचारत नव्हतीस, ताई. मी नुसता हात हलवायला हवा होता.